एकशे ऐंशी मेगाचं जंगल

एका जंगलात, बाळांनो, सगळं होतं. पाणी होतं, सावली होती, बोरं होती. इंटरनेट तेवढं नव्हतं. त्यावाचून कुणाचं काही अडतही नव्हतं. पण शेजारच्या जंगलात ते आलं, आणि आपल्या वाघमहाराजांचं जेवणावरून मन उडालं.

आधी तार टाकून पाहिली. ती उंदरांनी खाल्ली. दुसरी जाड टाकली, ती साळिंदराने खाल्ली. तिसरी टाकायच्या आधीच उंदीर विचारायला आले, की यंदा कधी टाकताय.

तेव्हा एका गिधाडाने सांगितलं, नेट आभाळातून आणा. आभाळात उपग्रह फिरतात. ते वरून नेट सोडतात. खाली एक छत्री लावायची, की झालं. गिधाड उंच उडतं, म्हणून त्याला आभाळातलं कळतं असं सगळे धरून चालले. खरं तर गिधाड वर उडतं ते खाली काय मेलंय ते बघायला. पण दरबारात असं बोलायचं नसतं.

छत्री आली. टेकडीवर लोखंडी खांब रोवून वर बसवली. खांबाखाली सेवा केंद्र निघालं. केंद्रात धोंडू नावाचं वांदर बसवलं, कारण त्याची बोटं चांगली चालत. आणि वेग मोजायला म्हणून एक ससा नेमला. त्याला सगळे लांबकाने साहेब म्हणत. वेग मोजायला ससाच का, असं विचारू नका. ज्याला पळता येतं त्याला पळणं मोजताही येतं, हा सरकारी हिशेब असतो.

उद्घाटनाला नारळ फोडला. लांबकाने साहेबांनी बटण दाबलं. काटा हलला.

"एकशे ऐंशी मेगा," साहेब म्हणाले.

मेगा म्हणजे काय, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. पण शेजारच्या जंगलात एकशे चाळीसच होते. महाराज त्या दिवशी पोटभर जेवले. मोठ्या शिळेवर खडूने आकडा लिहिला, आणि रोज सकाळी मोजून तो नवा लिहायचा असा हुकूम सुटला.

आता आपली येसाक्का.

येसाक्का म्हणजे एक घोरपड. वयाने पोक्त, अंगाने खरबरीत, तोंडाने त्याहून खरबरीत. एकदा धरलं की सोडायची नाही. टेकडीच्या पायथ्याला एका जुन्या वारुळात तिने अंडी घातली होती. बावीस अंडी. ती फुटायला अजून दोन महिने होते.

त्या जंगलात पूर्वापार एक रीत होती. वारुळात अंडी घातली, की तोंडाशी नखाने तीन रेघा ओढायच्या. रेघा दिसल्या की त्या वारुळाला कुणी हात लावत नसे. अस्वलसुद्धा नाही. आणि अस्वलाला वाळवी म्हणजे तुम्हाला श्रीखंड.

नेट आलं आणि रेघा बंद झाल्या. "एवढं एकशे ऐंशी मेगा आलंय," महाराज म्हणाले, "आणि तुम्ही अजून नखं घासत बसता?" मग दवंडी पिटली. ज्याने त्याने आपलं बीळ, घरटं, ढोली, वारूळ केंद्रात जाऊन आभाळातून नोंदवून घ्यावं. अमावास्येपर्यंत. नोंद नसेल ती जागा बेवारस. बेवारस जागा जो आधी मागेल त्याची.

दुसऱ्याच दिवशी केसू अण्णा येसाक्काच्या वारुळापाशी येऊन उभे राहिले. केसू अण्णा म्हणजे अस्वल. मोठे सभ्य. येताना खाकरून आले.

"बरी आहेस ना येसाक्का?"

"होते आत्तापर्यंत."

"वारूळ झकास आहे. केवढी वाळवी असेल नाही आत?"

"आत माझी अंडी आहेत."

"असतील ना. मी कुठं नाही म्हणतो. नोंद केलीस का?"

"करीन."

"कर कर. नाही झाली तर मी अर्ज करावा म्हणतो. माझं काही तुझ्याशी वैर नाही. पण कायदा म्हणजे कायदा." असं म्हणून त्यांनी वारुळावर हलकेच पंजा फिरवला, जत्रेत बैल बघतात तसा.

येसाक्का तशीच टेकडी चढली. केंद्रापुढे रांग होती. साळिंदर होतं, टिटवी होती, दोन खारी होत्या. ती रांगेत बसली. दुपारी नंबर लागला.

"नाव?" धोंडू म्हणाला.

"येसा घोरपड. टेकडीखालचं वारूळ. अंडी बावीस."

धोंडूने टकटक केलं. मग हात मांडीवर ठेवून बसला.

"काय झालं?"

"चक्र फिरतंय, आक्का."

"कसलं चक्र?"

धोंडूने पडदा दाखवला. एक छोटं चाक गोल गोल फिरत होतं. येसाक्काने ते एक घटकाभर बघितलं. मग म्हणाली, "हे कुठं निघालंय?"

"कुठं नाही. जागच्या जागी फिरतं."

"मग थांबव की."

"थांबलं तर अर्ज जातो. आपल्या हातात नाही. वर ढग आलाय."

ढग गेला. तोवर टेकडीवरच्या वडाची फांदी वाऱ्याने छत्रीवर आली. फांदी बाजूला धरायला एक खार बसवली. तोवर वरचा उपग्रह निघून गेला आणि दुसरा यायचा होता. दुसरा आला, तेव्हा संध्याकाळ झाली. आणि संध्याकाळ झाली, की सगळं जंगल एकदम नेटवर यायचं. मोर आपल्या नाचाचे व्हिडिओ वर चढवायचा, एकाच नाचाचे अकरा. कोल्ह्यांची पोरं कोंबड्यांची चित्रं बघायची. एक हरणी पलीकडच्या रानातल्या बहिणीशी बोलायची. ही विचारायची, बरी आहेस का. उत्तर यायला वेळ लागायचा. तोवर हीच पुन्हा विचारायची, ऐकू येतंय का. मग तिकडून यायचं, बरी आहे. मग हिला वाटायचं, ऐकू येतंय का म्हटल्यावर बरी आहे काय म्हणते, नक्कीच नवऱ्याशी बिनसलंय.

अशा सगळ्यात येसाक्काचा अर्ज कुठून जाणार.

तिसऱ्या दिवशी तो निम्मा गेला. "आता ओटीपी येईल," धोंडू म्हणाला. "सहा आकडे. आले की मला सांगायचे. एक मिनिटाच्या आत."

येसाक्का डोळ्यात तेल घालून बसली. आकडे आले. तिने सांगितले. धोंडूने टाकले.

"बाद," धोंडू म्हणाला.

"का?"

"मिनिट होऊन गेलं. आकडे आभाळातून येईपर्यंतच दोन मिनिटं झाली होती."

"म्हणजे उशीर त्यांना झाला, आणि बाद मी?"

"आक्का, मी नुसता टकटक करणारा."

असं नऊ वेळा झालं, बाळांनो. नऊ वेळा. तुम्ही एकदा पतंग कटला तर घर डोक्यावर घेता.

दहाव्या वेळी येसाक्का दरबारात गेली. एकटी नाही, सगळी रांग घेऊन गेली. "महाराज," ती म्हणाली, "नेट चालत नाही."

महाराजांनी लांबकाने साहेबांकडे बघितलं. साहेबांनी शिळेकडे बोट केलं. शिळेवर ठळक लिहिलं होतं, एकशे ऐंशी.

"चालत नाही कसं?" महाराज म्हणाले. "हा काय आकडा आहे."

"आकडा कधी मोजता?"

"पहाटे," साहेब म्हणाले.

"पहाटे सगळे झोपलेले असतात."

"म्हणून तर नीट मोजता येतं."

येसाक्काने कपाळावर पंजा मारून घेतला. "साहेब, दुपारी मोजा. संध्याकाळी मोजा. आम्ही वापरतो तेव्हा मोजा."

हे महाराजांना पटलं. बाळांनो, तक्रार पटली की राजे लोक काय करतात, ते इथे नीट ऐका. महाराजांनी हुकूम केला, आजपासून वेग तीन वेळा मोजायचा. सकाळी, दुपारी, संध्याकाळी. येसाक्का खुश झाली. खुश होऊन ती टेकडी चढली, तर केंद्राला फळी लावलेली.

"काय रे धोंडू?"

"वेग मोजतायत. मोजताना दुसऱ्या कुणी वापरायचं नाही. नाही तर आकडा खाली येतो."

"अरे, मग मोजायचं कशाला?"

"आकडा यायला."

दुपारचा आकडा आला एकशे पंच्याऐंशी. संध्याकाळचा एकशे नव्वद. दरबारात टाळ्या पडल्या. रांग पुन्हा तक्रार घेऊन गेली, की आता तर आधी चालायचं तेवढंही चालत नाही. महाराज गंभीर झाले. म्हणाले, तीन वेळा मोजून पुरत नाही असं दिसतं. प्रत्येक घटकेला मोजा. रांग तिसऱ्यांदा गेली. तेव्हा महाराजांनी शेवटचा उपाय केला. वेग दिवसभर सलग मोजायचा. सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत. अंधारात मात्र केंद्र बंद, कारण धोंडूला झोप येते.

आणि खरंच, त्या दिवसापासून नेट असं काही धावलं म्हणता. दोनशे दहा मेगा. ढग नाही, खोळंबा नाही, भांडण नाही. शेजारच्या जंगलाचे महाराज बघायला आले आणि तोंडात पंजा घालून परत गेले. केंद्राला फळी, फळीपुढे दोन रानकुत्रे पहाऱ्याला, आणि शिळेवर रोज नवा खडू.

अमावास्येचा दिवस उजाडला.

सकाळी येसाक्का वारुळापाशी बसली होती. मातीला कान लावून. आत काही हलत नव्हतं. अंडी एवढ्यात हलत नसतात. पण आई म्हटलं की कान लावायचाच. तेवढ्यात खाकरण्याचा आवाज आला.

"आज शेवटचा दिवस, येसाक्का," केसू अण्णा म्हणाले.

"ठाऊक आहे."

"उद्या सकाळी येतो मग. तू असं कर, अंडी दुसरीकडे हलव ना."

"अंडी हलवायला ती काय बटाटे आहेत, अण्णा? उलटली की गेली."

अण्णांना वाईट वाटलं. खरंच वाटलं. ते म्हणाले, "मी उद्या जरा उशिरा येतो."

येसाक्का उठली आणि टेकडी चढली. रानकुत्र्यांनी अडवलं. तिने त्यांच्याशी शब्द वाया घालवला नाही. ती केंद्राच्या मागून गेली आणि लोखंडी खांबावर चढली. चढली ती थेट छत्रीत. छत्री उन्हाने छान कोमट झाली होती. येसाक्का तिच्यात पोट टेकून, चारी पाय पसरून, नखं रुतवून बसली.

खाली लांबकाने साहेबांचा काटा धाडकन पडला. दोनशे दहावरून चारवर.

साहेब बाहेर आले. वर बघितलं. "उतर खाली."

"नाही."

"अगं, महाराज संध्याकाळी आकडा बघायला येणार आहेत. पाहुणे आहेत सोबत."

"येऊ देत. चार बघतील."

साहेबांनी रानकुत्र्यांना सांगितलं, ओढा. एकाने शेपूट धरलं. दुसऱ्याने पहिल्याचं शेपूट धरलं. बाळांनो, घोरपड चिकटली की गड चढायला चालते म्हणतात, तिथे दोन रानकुत्र्यांची काय कथा. छत्री वाकली, खांब कुरकुरला, काटा चारवरून दोनवर आला. येसाक्का तसूभर हलली नाही.

"ओढू नका, ओढू नका," साहेब ओरडले. मग खांबाशी येऊन हळू आवाजात म्हणाले, "काय पाहिजे तुला?"

"नोंद. माझ्या वारुळाची."

"ते माझ्या हातात नाही. मी फक्त मोजतो."

"कसं मोजता?"

साहेबांना बरं वाटलं. आजवर कुणी त्यांना हे विचारलं नव्हतं. "त्याचं असं आहे, इथून वर काहीतरी धाडायचं. वरून खाली काहीतरी उतरवायचं. किती वेळात गेलं, किती वेळात आलं, ते बघायचं. तोच वेग."

"काय धाडता वर?"

"काहीही. पालापाचोळा. अर्थ नसलेली अक्षरं. ती कुणी वाचत नाही."

"मग माझा अर्ज धाडा. त्यालाही तुमच्या लेखी काही अर्थ नाही."

साहेबांचे कान ताठ झाले. "असं नियमात नाही."

"पालापाचोळा धाडायचा असं आहे का नियमात?"

साहेबांनी आठवून बघितलं. नियमात फक्त 'काहीतरी' असं लिहिलेलं होतं.

सूर्य कलायला लागला होता. वाटेवर धूळ दिसत होती, म्हणजे महाराज निघाले होते. साहेबांनी धोंडूला हाक मारली. धोंडूने टकटक केलं. "आक्का, अर्ज तयार. आता तुम्ही छत्रीतून उठा, नाही तर जाणार कसा?"

"आधी शब्द द्या."

"दिला," साहेब म्हणाले. "माझ्या कानांची शपथ."

येसाक्का सरकून खांबावर आली. पण खांब सोडला नाही, कारण शपथा तिने पुष्कळ ऐकल्या होत्या. साहेबांनी मोजणीचं बटण दाबलं. दोनशे दहा मेगाचं नेट, सगळं मोकळं, त्यावरून एक घोरपडीचा अर्ज निघाला. डोळ्याचं पातं लवलं तेवढ्यात वर पोचला. ओटीपी आला. मिनिटातली अठ्ठावन्न सेकंदं शिल्लक होती. पडद्यावर अक्षरं उमटली: वारूळ नोंदले. खाली बारीक लिहिलं होतं: चाचणी.

"हे चाचणी काय?" येसाक्काने विचारलं.

"मोजणीतून गेलं म्हणून तसं येतं," साहेब म्हणाले. "वरचं वाच ना तू."

दुसऱ्या दिवशी केसू अण्णा उशिरा आले, बोलल्याप्रमाणे. येसाक्काने नोंदीचा छापील कागद पुढे केला. अण्णांनी तो दोनदा वाचला.

"ह्यावर चाचणी लिहिलंय."

"तुमच्यावर काय लिहिलंय?"

अण्णांनी कागद परत दिला. त्यांचाही अर्ज चाकावरच फिरत होता. ते म्हणाले, "मी चौकशी करतो," आणि बोरं खायला गेले.

गोष्ट इथे संपली असती तर बरं झालं असतं. पण जंगलात गुपित आणि खरूज लपत नाही. तिसऱ्या दिवशी साळिंदर साहेबांकडे गेलं, की आमच्या बिळाचाही थोडा पालापाचोळा धाडा. मग टिटवी गेली. मग हरणी गेली, बहिणीला काय काय सांगायचं होतं ते घेऊन. लांबकाने साहेब मनाचे मऊ. एकाला हो म्हटलं की दुसऱ्याला नाही म्हणवेना. आणि खरं सांगायचं तर आयुष्यात पहिल्यांदा कुणी त्यांच्यासाठी गाजर घेऊन येत होतं. आठ दिवसांत निम्मं जंगल नोंदवून झालं. अकरा दिवसांत उरलेलेही आले. मुदत सगळ्यांचीच चुकली होती, पण वरून नोंदी मुकाट्याने झाल्या, कारण चाचणीला तारीख नसते.

पण शिळेवरचा आकडा उतरायला लागला. दोनशे दहाचा दीडशे झाला. दीडशेचा साठ. एके सकाळी शिळेवर लिहिलेलं होतं, बारा.

महाराज स्वतः टेकडी चढून आले. "हे काय आहे?"

साहेब म्हणाले, "महाराज, त्याचं काय झालं, की नेट चालायला लागलंय."

"चालायला लागलंय, तर बारा कसा?"

"लोक वापरतायत, महाराज."

महाराजांचा विश्वास बसेना. "माझ्या राज्यात? माझं नेट? किती दिवस?" चौकशी बसली. अहवाल आला, की प्रजेने संगनमताने नेटचा वापर केला आहे. महाराजांनी हुकूम काढला. लांबकाने साहेबांची कासवांच्या खात्यात बदली. मोजणी कडेकोट, दिवसभर, पहाऱ्यात. आणि चाचणी लिहिलेल्या जेवढ्या नोंदी आहेत तेवढ्या सगळ्या रद्द.

येसाक्काने वारुळाला पुन्हा कान लावला. अंडी फुटायला अजून महिना होता. केसू अण्णा बोरं टाकून परत आले आणि येताना खाकरले.

"वाईट झालं हो येसाक्का. धोंडू रद्द करतोच आहे. मी तिथूनच आलो. रद्द झालं की माझा अर्ज पहिला आहे."

"केलं का त्याने रद्द?"

"करतोय. आभाळातून करावं लागतं ना."

येसाक्का अण्णांकडे बघत राहिली. मग ती वारुळावर चढली, ऊन बघून पसरली, आणि किती दिवसांनी तिने डोळे मिटले.

"झोपतेस काय?" अण्णा म्हणाले. "घाबरली नाहीस?"

"नोंद करायला मला किती दिवस लागले, अण्णा?"

अण्णांनी बोटं मोजली. बोटं संपली. ते टेकडीकडे चालायला लागले.

महिनाभर ते रोज केंद्रात जात. फळीच्या फटीतून विचारत, "झालं का रे धोंडू?"

"चक्र फिरतंय, अण्णा."

"वेग किती आहे?"

"दोनशे वीस. इतका कधीच नव्हता."

पुढे एका सकाळी टेकडीखालचं वारूळ आतून खरवडलं जाऊ लागलं. एक नाक बाहेर आलं. मग दुसरं. येसाक्का मोजत होती. वीस झाली, एकवीस झाली. बाविसावं वेळ लावत होतं, तर तिने त्यालाही दोन शब्द सुनावले. ते निघालं. मग बावीस पोरं आणि त्यांची आई गवतातून सरसरत निघून गेली, आणि वारूळ रिकामं पडलं.

केसू अण्णा आले. रिकाम्या वारुळापुढे उभे राहिले. आत वाळवी होती, भरपूर. समोर कुणी नव्हतं. अण्णांनी पंजा उचलला आणि खाली ठेवला. कागदावर ते वारूळ अजून येसाक्काचं होतं, आणि कायदा म्हणजे कायदा.

ते अजून केंद्रापुढच्या रांगेत बसलेले असतात. जाता येता कुणी विचारलं तर सांगतात, होईल आता, वेग चांगला आहे.

तात्पर्य: बाळांनो, इंटरनेट ही मोजायची वस्तू आहे. वापरल्याने तिचा वेग कमी होतो.